माहेरचे नाव फियाट

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नव्या सुनेचे नाव लिहिण्याची चाल आहे. दुसऱ्या दिवसापासून घरात त्याच नावाने हाका सुरू होतात, शेजारीपाजारी तेच नाव उचलतात आणि वर्षा-दोन वर्षांत माहेरचे नाव उरते ते भावाच्या पत्रापुरते. मुंबईच्या एका सुनेच्या बाबतीत मात्र सगळे उलटे घडले. इटलीतल्या तुरिन गावची ही पोर कुर्ल्याला नांदायला आली. सासरच्यांनी आधी तिचे नाव प्रेसिडेंट ठेवले. ते कोणाच्या जिभेवर बसेना. मग १९७४ साली पद्मिनी ठेवले. त्यानंतर कारखान्यातून हजारोंनी पद्मिनी बाहेर पडल्या, सरकारदरबारी पद्मिनी म्हणूनच त्यांची नोंद झाली. पण टॅक्सीच्या रांगेत, पेट्रोल पंपावर, गॅरेजात आणि घराघरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तिचे नाव शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिले.

मोटारीच्या नावाचा हा घोळ वरवर पाहता गमतीचा वाटतो. पण त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे, आणि तो एका गाडीपुरता नाही. परक्याने घडवलेली वस्तू आपण आपल्या कारखान्यात बनवू लागलो, तिच्यावर आपले नाव कोरले, म्हणजे ती आपली झाली का? आणि नसेल झाली, तर आपली होण्यासाठी आणखी काय लागते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर फियाटचा कुलवृत्तांत जरा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

मोटारींच्या व्यापारात पाटी बदलण्याची कला जुनी आहे. गाडी तीच ठेवायची, समोरची जाळी थोडी वेगळी बसवायची, बिल्ला बदलायचा आणि दुसऱ्या नावाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायची. इंग्रजीत या विद्येला ‘बॅज इंजिनिअरिंग’ असे नाव आहे. त्या नावातच टोमणा आहे: इंजिनिअराने जी काय करामत केली ती बिल्ल्यावर! १९२५ साली अमेरिकेत नॅश कंपनीने एजॅक्स नावाची एक स्वस्त गाडी काढली. तिला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा पुढच्याच वर्षी कंपनीने तीच गाडी ‘नॅश लाइट सिक्स’ म्हणून विकायला काढली. आणि ज्यांनी आधी एजॅक्स घेतली होती त्यांना नवे बिल्ले व चाकांच्या नव्या टोप्या यांचा संच फुकट देऊ केला. म्हणजे घरच्या घरी बारसे!

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने तर यावर कडी केली. १९६२ सालापासून अकराशे सी. सी. ची एकच छोटी गाडी तिने मॉरिस, ऑस्टिन, एम. जी., वोल्सली, रायली आणि व्हँडन प्लास अशा सहा नावांनी विकली. एकीत साध्या गाद्या, तर दुसरीत कातडी गाद्या आणि लाकडाची नक्षी, एवढाच काय तो फरक. पण ज्याचे वडील मॉरिस चालवत होते त्याला मॉरिस हवी, ज्याला शेजाऱ्यापेक्षा चार बोटे वर दिसायचे त्याला वोल्सली हवी. दुकानदाराने दोघांनाही खूष केले.

अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचीही तीच रीत होती. प्लिमथ, डॉज आणि डिसोटो ही तिची नावे. परदेशी पाठवायच्या वेळी ती प्लिमथ गाडीलाच डॉजचा साज चढवून तिचे नाव ‘किंग्जवे’ ठेवी आणि डिसोटोचा साज चढवून ‘डिप्लोमॅट’. ही क्रायस्लर कंपनी लक्षात ठेवली पाहिजे, कारण आपल्या गोष्टीची सुरुवात तिच्यापासूनच होते.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरला झाला. घराणे मूळचे गुजराती जैन, पण पिढ्यांपासून महाराष्ट्रात रुजलेले. घरची पेढी सांभाळण्यात मन रमेना म्हणून ते लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेच्या कंत्राटांत पडले. बोरघाटातल्या बोगद्यांच्या बांधकामातही त्यांचा हात होता. पण नुसते कंत्राटदार म्हणून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९१९ साली त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आजही आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. पुढे १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना आणि १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा धक्का, अशी एकापाठोपाठ एक कामे त्यांनी उभी केली. पाण्यात आपले जहाज, आकाशात आपले विमान. मग रस्त्यावर आपली मोटार का नको?

मोटारीची ही कल्पना एकट्या वालचंदांची नव्हती. म्हैसूरचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून एक तपशीलवार योजना तयार केली होती आणि ती मुंबईत उभी राहावी म्हणून खटपट चालवली होती. त्या वेळी मुंबईत मोटारी तयार होत नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ सालीच शिवडीला जोडणीचा कारखाना घातला होता. फोर्डही आली होती. पण तिथे होई ती फक्त जोडणी. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे, इथल्या कामगारांनी ते नटबोल्टांनी एकत्र करायचे आणि गाडी विक्रीला उभी करायची. या मार्गाने शंभर वर्षे गाड्या जोडल्या तरी गाडी बनवण्याची विद्या हाती येणार नव्हती, आणि ती यावी अशी त्या कंपन्यांची इच्छाही नव्हती.

१९३९ साली वालचंद स्वतः अमेरिकेला गेले. फोर्ड आणि जनरल मोटर्सशी जुळले नाही. क्रायस्लरने तयारी दाखवली. पण युद्ध सुरू झालेले, परक्या सरकारला हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघण्याची निकड वाटत नव्हती, आणि यंत्रसामग्री आणायची तर परवानगीवाचून पाऊल पुढे पडत नव्हते. त्यात पाच वर्षे गेली. अखेर १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन झाली, आणि देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

कोणत्या गाड्या? प्लिमथ, डॉज आणि डिसोटो! एकाच घडणीच्या गाड्यांना तीन नावे लावण्याचा तो क्रायस्लरी खेळ कुर्ल्यालाही आला. मालट्रकांची तीच तऱ्हा: डॉज, फार्गो आणि डिसोटो या तीन नावांनी एकच ट्रक घाटरस्त्यांवर धावू लागला. स्वदेशी मोटारीच्या स्वप्नाची सुरुवात अशी दुसऱ्याच्या तीन बिल्ल्यांनी झाली. वालचंदांना याची खंत नसावी. पहिली पायरी जोडणीची, दुसरी सुटे भाग घरी बनवण्याची आणि तिसरी स्वतःची गाडी आखण्याची, हा क्रम त्यांच्या पिढीच्या सर्वच कारखानदारांच्या मनात होता. पहिल्या पायरीवर पाय ठेवल्याखेरीज तिसरी कशी गाठणार?

दुसऱ्या पायरीसाठी मात्र अमेरिकन गाडी सोयीची नव्हती. ती लांबरुंद, पेट्रोल पिणारी आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. छोटी गाडी हवी होती, आणि ती सापडली इटलीत. १८९९ साली तुरिनला स्थापन झालेल्या फियाट कंपनीशी प्रीमियरने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी करार केला. आधी पाचशे नंबरची इवलीशी गाडी आली, मग अकराशे नंबरची. इटालियन लोक अकराशेला ‘मिलेचेंतो’ म्हणतात, आणि त्यांच्याकडे ती गाडी याच लाडक्या नावाने ओळखली जाई.

या मिलेचेंतोचे नवे रूप, ज्याचा कारखान्यातला नंबर १०३, मार्च १९५३ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आले. जुन्या गाड्यांना खाली वेगळी लोखंडी चौकट आणि तिच्यावर पत्र्याचे अंग असे. या गाडीचे अंग आणि चौकट एकच होती, त्यामुळे ती हलकी पण कणखर होती. इंजिन मात्र जुने, नावाजलेले: १०८९ सी. सी. चे, चार सिलिंडरांचे, ज्याची घडण १९३७ सालच्या फियाट गाडीपर्यंत मागे जाते. हा आकडा, १०८९, वाचकांनी जरा लक्षात ठेवावा. जिनीव्हाच्या त्या प्रदर्शनानंतर महिन्याभराने, ८ एप्रिल १९५३ रोजी, वालचंदांनी देह ठेवला. ज्या गाडीमुळे त्यांचा कारखाना घरोघरी माहीत झाला, ती कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडलेली त्यांना पाहता आली नाही.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. सरकारच्या टॅरिफ कमिशनने असा सल्ला दिला की, ज्यांना टप्प्याटप्प्याने सगळी गाडी इथेच बनवायची आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसत्या जोडणीवाल्यांना थारा देऊ नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळून गेल्या. मैदानात उरल्या त्या मुख्यतः कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर. यांतली प्रत्येक गाडी परक्या वंशाची. अँबॅसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे तिथलीच ट्रायम्फ हेराल्ड.

कुर्ल्याची मिलेचेंतो १९५४ साली सुरू झाली. मग तिची रूपे थोडी थोडी बदलत गेली आणि प्रत्येक रूपाला नवे विशेषण लागले: एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट. या गाड्यांचे पुढचे दार उलट्या बाजूने, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला उघडे आणि पुढचे नाक फुगीर. आपल्या लोकांनी त्या नाकाकडे बघून तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली. यात तुच्छता मुळीच नव्हती. घरच्या लाडक्या पोराला नकटू म्हणावे तशातला तो प्रकार. ‘एलिगंट’ हे कंपनीने दिलेले नाव कागदावर राहिले आणि लोकांचे नाव टिकले. पुढे पद्मिनीचे जे व्हायचे होते त्याची ही नांदीच म्हणायची.

१९६४ साली ‘डिलाइट’ आली. सरळ उघडणारी दारे, चौकोनी बांधा, स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसवलेला गिअर आणि त्यामुळे पुढे सलग, ऐसपैस बाक. इटलीत ही गाडी १९६२ साली निघाली आणि १९६६ साली बंद झाली. १९६९ साली फियाटने तिच्या घराण्याचा तो वंशच संपवला आणि पुढची चाके ओढणारी, नव्या तत्त्वावरची १२८ नंबरची गाडी आणली. म्हणजे माहेरी जिचे आयुष्य चार वर्षांचे, ती सासरी १९६४ पासून २००१ पर्यंत, सदतीस वर्षे नांदली.

त्या सदतीस वर्षांपैकी पहिली पंचवीस वर्षे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना फियाटची प्रतिष्ठा सांगायला नको. डॉक्टर, वकील, कारखान्यातले वरचे अधिकारी, बागाईतदार यांनी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली गाडी तिच्या शाळाप्रवेशाला मिळाली, असले विनोद तेव्हा सर्रास होत. गाडी आली की तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, हार, पेढे, आणि पहिली फेरी सिद्धिविनायकाला नाहीतर सारसबागेला. दसऱ्याच्या सकाळी घरची मंडळी जिला झेंडूची माळ घालीत ती वस्तू यंत्र असते खरी, पण घरातलीही असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मागणी अफाट आणि पुरवठा मोजका असला की विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची पर्वा राहत नाही. गाड्यांच्या दर्जाविषयी देशभर इतकी ओरड झाली की, १९६७ साली सरकारला मोटारींच्या गुणवत्तेची चौकशी करायला समिती नेमावी लागली. १९६९ साली सरकारने कायद्याने गाड्यांची किंमतच बांधून दिली; कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. गिऱ्हाईक म्हणे, माल वाईट. कारखानदार म्हणे, एवढ्या किमतीत यापेक्षा चांगला परवडत नाही. आणि सरकार म्हणे, मोटार ही चैनीची वस्तू, तिच्यासाठी परकी चलन कुठून आणू? तिघांचेही थोडेथोडे खरे होते.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली तर पुढचे कोडे सुटते. मोटारीचा पत्रा हाताने ठोकून काढत नाहीत. प्रत्येक दार, प्रत्येक मडगार्ड, प्रत्येक छप्पर यांसाठी पोलादाचे जड साचे असतात. प्रचंड दाबयंत्रात पत्रा घालून तो साच्यावर दाबला की दार तयार. हे साचे अतोनात महाग असतात. एका साच्यातून लाखो दारे निघाली तरच त्याचा खर्च वसूल होतो. इटलीत लाखोंनी गाड्या खपत, म्हणून चार वर्षांनी साचा फेकून देणे परवडे. आपल्याकडे सगळ्या देशात सगळ्या कंपन्यांच्या मिळून वर्षाला काही दहा हजार मोटारी खपायच्या. शिवाय नवा साचा म्हणजे परकी यंत्रे, परकी यंत्रे म्हणजे परकी चलन, परकी चलन म्हणजे दिल्लीचा परवाना. त्यामुळे आहे तो साचा झिजेपर्यंत वापरायचा आणि वर नवा बिल्ला लावायचा, हेच शहाणपण ठरले. परदेशात बिल्ला बदलायचा तो एकच गाडी अनेकांना विकण्यासाठी. आपल्याकडे बदलायचा तो जुनी गाडी नव्या वर्षात ढकलण्यासाठी.

सत्तरीच्या आरंभी फियाटशी असलेला करार संपला. गाडी बनवायला हरकत नव्हती, पण ‘फियाट’ हे नाव आता वापरता येणार नव्हते. १९७२ च्या सुमारास ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ हे नाव आले आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. चितोडच्या राणीची आठवण देणारे, कमळाच्या कुळातले सुंदर नाव. अँबॅसडर, हेराल्ड, प्रेसिडेंट असल्या साहेबी नावांच्या मेळाव्यात हे एकच नाव आपल्या मुलीबाळींचे होते. आतले सगळे भाग आता देशातच होत होते. ज्या स्वदेशी मोटारीसाठी वालचंदांनी समुद्र ओलांडला ती, निदान कागदोपत्री, १९७४ साली पुरी झाली.

आणि तरीही लोक तिला फियाटच म्हणत राहिले. यात नुसता जिभेचा आळस होता का? मला तसे वाटत नाही. लोकांच्या भाषेला एक प्रकारची निर्दय अचूकता असते. गाडीचे बॉनेट उघडले तर आत तेच १०८९ सी. सी. चे इंजिन होते. १९५४ साली तेच, १९७४ साली तेच आणि २००१ सालीही पेट्रोलच्या पद्मिनीत तेच. नाव बदलले म्हणून कोणी कबूल करावे, तर बदललेले काहीतरी दाखवायला नको का?

या ठिकाणी जपानची हकीकत ताडून पाहण्यासारखी आहे, कारण सुरुवात अगदी सारखी आहे. कुर्ल्याचे फियाटशी सूत जुळले त्याच सुमारास, डिसेंबर १९५२ मध्ये, निस्सान कंपनीने इंग्लंडच्या ऑस्टिनशी करार केला. तिथेही सुटे भाग खोक्यांतून आले, तिथेही जोडणी झाली. तीन वर्षांत सर्व भाग घरी बनवायचे अशी अट होती आणि ती त्यांनी पाळली. पण पुढे त्यांनी जे केले त्यात सगळे मर्म आहे. डोनाल्ड स्टोन नावाच्या अमेरिकन इंजिनिअराच्या सल्ल्याने त्यांनी ऑस्टिनचे दीड लिटरचे इंजिन घेतले, जवळजवळ त्याच यंत्रांवर त्याच्या दट्ट्याची धाव आखूड केली आणि एक लिटरचे नवे इंजिन काढले. शिकवलेला धडा त्यांनी पाठ म्हटला आणि लगेच त्यात स्वतःचा एक शब्द घातला. १९५९ साली त्यांची स्वतःची ब्लूबर्ड गाडी आली आणि पुढच्या वर्षापर्यंत ऑस्टिनला त्यांनी सलाम ठोकला.

आता पुढचा योगायोग पाहा. १९८५ साली प्रीमियरने पद्मिनीच्या जोडीला ‘११८ एन. ई.’ नावाची नवी गाडी काढली. तिचे अंग फियाटच्या १२४ नंबरच्या गाडीचे, म्हणजे १९६६ सालचे; आणि इंजिन निस्सानचे! ‘एन. ई.’ ही अक्षरे ‘निस्सान इंजिन’ या दोन शब्दांची. जिने आपल्याबरोबरच पाटी धरली होती, तिच्याकडे तेहतीस वर्षांनी आपण इंजिन मागायला गेलो.

म्हणून आपल्या लोकांना अक्कल कमी होती असे कोणी म्हणेल तर ते साफ खोटे आहे. जपानात सात-आठ कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. जी थांबेल ती मरेल अशी स्थिती होती, आणि सरकारने त्यांना आडोसा दिला तरी त्याबरोबर निर्यातीची टोचणीही लावली होती. आपण आडोसा दिला, टोचणी काढून घेतली. भिंत बांधली ती परक्यांना बाहेर ठेवायला. पण तिच्या सावलीत आपलेही रोप पिवळे पडले. किती गाड्या काढायच्या त्याला परवाना, किती किमतीला विकायच्या त्याला हुकूम, यंत्र बदलायचे त्याला अर्ज. आणि दाराशी गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना बदल करण्याची गरज तरी कोणाला होती? या दोषात कारखानदार, सरकार आणि मुकाट्याने नंबर लावणारे आपण, सगळेच वाटेकरी आहोत.

मग ही गाडी आपली झालीच नाही का? मला वाटते झाली. पण कारखान्यात नाही, रस्त्यावर झाली. साठीच्या दशकापर्यंत मुंबईच्या टॅक्सीच्या नाक्यांवर मोठमोठ्या अमेरिकन आणि इंग्लिश गाड्यांची सरमिसळ असे. डिलाइट आल्यावर हळूहळू सगळा नाका फियाटचा झाला. गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांत वळणारी, सुटे भाग हाताशी असलेली आणि पोटाला कमी लागणारी गाडी टॅक्सीवाल्याला हवी होती. मुंबई बेटावर ऑटोरिक्षांना मज्जाव, त्यामुळे बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, पाहुण्याला व्ही. टी. वर सोडायचे किंवा गौरी-गणपतीला कोकणची एस. टी. गाठायची, तर काळीपिवळीवाचून गत्यंतर नसे. डाव्या बाजूचा तो लोखंडी मीटर, त्याचे निशाण खाली पाडल्याचा खणखणीत आवाज, छताला आतून लावलेले फुलाफुलांचे रेक्झिन, टपावर बांधलेल्या वळकट्या आणि मागच्या बाकावर चारांच्या जागी सहा माणसे: हे सगळे तुरिनच्या आराखड्यात कुठेच नव्हते.

आराखडे बदलण्याचे जे धाडस वर झाले नाही, ते खाली गॅरेजांत रोज होत होते. चोरबाजारातून आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून भाग आणायचे, एका गाडीचे दुसरीला बसवायचे, पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे टाकायचे, पुढे सी. एन. जी. ची टाकी चढवायची. शाळा न पाहिलेल्या मेकॅनिकांनी ही गाडी इतक्या वेळा उलगडली आणि पुन्हा उभी केली की, तिचा एकही भाग त्यांच्या हाताला अनोळखी राहिला नाही. या हातांना एखाद्या कारखान्याने कागद-पेन्सिल दिली असती तर काय झाले असते, हा विचार मनाला चटका लावून जातो.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. ती तरी कुठे अस्सल देशी होती? जपानच्या सुझुकी कंपनीची छोटी गाडीच नव्या नावाने दिल्लीजवळ बनू लागली होती. पण ती नव्या काळाची होती आणि तिच्यामुळे गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच निवड करता आली. पद्मिनीची रांग ओसरू लागली. नव्वदीनंतर तिला डिझेलचे इंजिन दिले गेले, शेवटी शेवटी गिअरही खाली जमिनीवर आला. उशीर फार झाला होता. २००१ साली उत्पादन थांबले. मुंबईत शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीच्या आयुष्याची मर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर, दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना, मुंबईच्या नाक्यांवरून ती कायमची उठली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. गाडीला मृत्युलेख क्वचितच मिळतो.

प्रीमियरची कथा तिथे संपत नाही, आणि तिचा शेवटचा अध्याय पहिल्याहून बोलका आहे. २००९ साली या कंपनीने चिंचवडला ‘रिओ’ नावाची आटोपशीर गाडी काढली. ती मुळात जपानच्या दाइहात्सू कंपनीची टेरिओस. ती चीनच्या झोट्ये कंपनीने आपल्या नावाने काढली. आणि ती प्रीमियरने आपल्या नावाने. दोन हातांतून आलेली, तिसरा बिल्ला लावलेली ही गाडी काही वर्षांतच विस्मरणात गेली. तिला लोकांनी ना माहेरच्या नावाने हाक मारली, ना सासरच्या. १९४७ साली क्रायस्लरच्या बिल्ल्यांनी जिची सुरुवात झाली त्या कंपनीने साठ वर्षांनी पुन्हा त्याच पायरीवर पाय ठेवला होता.

यातून घ्यायचे ते एवढेच की, नाव वस्तूच्या मागून येते. ज्याने वस्तू उलगडली, तिच्यात बदल करण्याचा हक्क बजावला, तिच्या चुका आपल्या मानून दुरुस्त केल्या, त्याचे नाव तिला आपोआप चिकटते. आज आपल्या कारखान्यांतून मोबाइल फोनपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत कितीतरी वस्तू बाहेर पडतात आणि त्यांवर आपल्या देशाचे नाव अभिमानाने छापलेले असते. अभिमान योग्यच आहे; जोडणीची पहिली पायरी चुकवून कोणी माडीवर गेलेला नाही. पण दुसऱ्याच पायरीवर बैठक मारून पाटी रंगवत बसण्याचा मोह किती मोठा असतो, हे कुर्ल्याच्या त्या सुनेने आपल्याला सदतीस वर्षे रोज दाखवले आहे.

कुर्ल्याचा तो कारखाना आता नाही. पण तिथल्या रस्त्याला लोक अजून प्रीमियर रोडच म्हणतात. गाडीला जे नाव कंपनी लावू पाहत होती ते गाडीला चिकटले नाही. ज्या रस्त्याने हजारो कामगार डबे घेऊन रोज चालत गेले आणि हाताला काळे तेल लागलेल्या अवस्थेत परत आले, त्या रस्त्याला मात्र ते चिकटले. लोकांना नावे बरोबर ठेवता येतात.